बहुथ्रेडी प्रोग्राममध्ये जीडीबी अडतो तेव्हा काय तपासायचं

जीडीबी म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावू देणारा डीबगर, आणि थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये इतरांच्या बरोबरीने चालणारा कामाचा एक धागा. एकाच थ्रेडचा प्रोग्राम जीडीबीखाली जसा चालतो तसाच बाहेरही चालतो, असं साधारण धरून चालता येतं. थ्रेड दोन झाले की ते जमत नाही. समोर दिसतंय ते प्रोग्रामचं वागणं की डीबगरने घडवलेलं, हे आधी ठरवावं लागतं. बगचा शोध त्यानंतर. म्हणून इथली मांडणी तक्रारीनुसार केली आहे: काय दिसतं, ते का दिसतं आणि मग काय करायचं.

उदाहरणाला एक डेटा लॉगर घेऊ. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) किंवा सरदार इस्टेटमधल्या एखाद्या शेडमध्ये बनावा तसा: आर्म बोर्ड, त्यावर लिनक्स आणि सी++ मधला एक प्रोग्राम. थ्रेड चार. एक मुख्य, एक मॉडबसवरून (कारखान्यातली उपकरणं एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल) पंपांचे मीटर वाचणारा ‘मीटर’, एक वाचलेलं फाइलमध्ये उतरवणारा ‘नोंद’ आणि एक सर्व्हरकडे धाडणारा ‘पाठव’. तोच प्रोग्राम टेबलावरच्या उबुंटू पीसीवरही चालवून बघता येतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लहान अक्षरं, आणि मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात करण्याआधी

कंपाइल आणि लिंक, दोन्ही वेळी ‘-पीथ्रेड’ द्या. डीबगसाठी ‘-जी’ आणि ‘-ओजी’ (ओ मोठा), किंवा सरळ ऑप्टिमायझेशन शून्यावर. ‘-ओ२’ (ओ मोठा) ने बांधलेल्या प्रोग्राममध्ये चलाच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसलं किंवा ओळी पुढेमागे उड्या मारू लागल्या, तर त्यात थ्रेडचा काही संबंध नाही. तो वेगळा त्रास आहे आणि दोन्ही एकत्र सोडवायला बसू नये.

बोर्डाच्या एसडीकेमधला (बोर्डासोबत मिळणाऱ्या साधनांच्या संचातला) जीडीबी बहुतेकदा जुना असतो. जीसीसी ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, डीबग माहिती आपोआप ड्वार्फ ५ या स्वरूपात लिहिली जाते. जुन्या जीडीबीला ते स्वरूप समजत नाही. तो ‘ड्वार्फ एरर, राँग व्हर्जन’ म्हणून हात वर करतो. जीडीबी बदलता येत नसेल तर ‘-जीड्वार्फ-४’ देऊन पुन्हा बांधा.

प्रत्येक थ्रेडला नाव द्या. पीथ्रेड या लिनक्सच्या थ्रेड लायब्ररीतल्या ‘सेटनेम’ फंक्शनला १६ बाइट मिळतात, त्यातला एक शेवटच्या शून्याचा. हाताशी उरले १५. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, आणि मात्रा व अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी नाव पाच चिन्हांत बसवावं लागतं. ‘नोंद’ चार चिन्हांत बसतं, ‘नोंदवही’ बसत नाही. फंक्शन एरर देतं आणि नाव लागतच नाही. एरर कोणी तपासत नाही, म्हणून नाव का लागलं नाही ते कळतही नाही. टर्मिनलचा भरवसा नसेल तर रोमन नावं बरी.

एका थ्रेडला तीन ओळखी असतात, आणि त्यांच्या घोळात बराच वेळ जातो. जीडीबीचा स्वतःचा क्रमांक (१, २, ३), पीथ्रेडचा लांबलचक हेक्स पत्ता आणि कर्नलने थ्रेडला दिलेला एलडब्ल्यूपी (लाइटवेट प्रोसेस) क्रमांक. लॉगमध्ये, ‘टॉप -एच’ मध्ये (एच मोठा) आणि ‘पीएस -ईएलएफ’ मध्ये (एल मोठा) दिसतो तो एलडब्ल्यूपी. जीडीबीचा क्रमांक पुढच्या खेपेला त्याच थ्रेडला मिळेलच असं नाही, त्यामुळे ‘थ्रेड ३ मध्ये गडबड आहे’ असं सहकाऱ्याला लिहून पाठवण्यात अर्थ नसतो. नाव किंवा एलडब्ल्यूपी लिहा.

अटॅचच होत नाही

‘जीडीबी ./लॉगर’ चालतं, पण चालू प्रोसेसला ‘जीडीबी -पी’ ने जोडायला गेलं की ‘पीट्रेस: ऑपरेशन नॉट परमिटेड’. (पीट्रेस म्हणजे एका प्रोसेसने दुसरीला धरून तपासण्याची कर्नलची सोय.) उबुंटूवर हे अपेक्षितच आहे. कर्नलच्या यामा मॉड्यूलची ‘पीट्रेस-स्कोप’ ही सेटिंग तिथे १ असते: प्रोसेसला फक्त तिचा पूर्वज जोडू शकतो. जीडीबीतून सुरू केलेला प्रोग्राम जीडीबीचं अपत्य असतो, आधीपासून चालू असलेला नसतो. ० केलं की त्याच वापरकर्त्याची कुठलीही प्रोसेस जोडता येते, २ म्हणजे फक्त प्रशासक, ३ म्हणजे रीबूटपर्यंत कोणीच नाही. ‘सिसकंट्रोल’ने ० करा किंवा त्या एका वेळेपुरता सुडो वापरा. ग्राहकाच्या मशीनवर ० कायमचं ठेवून येऊ नका.

सुडोनेही नकार आला तर बहुधा त्या प्रोसेसला आधीच कोणीतरी धरलेलं असतं. ‘प्रॉक’ खालच्या तिच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘ट्रेसरपीआयडी’ ही ओळ बघा. तिथे ० सोडून काही असेल, तर तो क्रमांक धरणाऱ्याचा. बंद करायचा राहून गेलेला एखादा व्हीएस कोड, नाहीतर दुसऱ्या टर्मिनलमधला एसट्रेस सापडतो. एका वेळी एकच ट्रेसर, हा कर्नलचा नियम आहे.

मॉडबस टीसीपी पोर्ट ५०२ वर चालतं. १०२४ च्या खालचं पोर्ट उघडता यावं म्हणून बायनरीला ‘सेटकॅप’ने परवानगी दिलेली असेल, तर दोन गोष्टी एकदम बिघडतात. साध्या वापरकर्त्याला ती प्रोसेस जोडता येत नाही; आणि जीडीबीखाली तीच बायनरी सुरू केली तर कर्नल जादा परवानगी देत नाही, त्यामुळे ‘बाइंड’ फसतं. मग प्रोग्राम ‘फक्त जीडीबीतच’ बंद पडतो आणि शोध भलत्याच दिशेला जातो. डीबगपुरतं पोर्ट ५०२० करून टाका.

डॉकरमध्ये असाल तर कंटेनर ‘कॅप-ॲड’ने सिस-पीट्रेस देऊन चालवा. ‘ॲड्रेस स्पेस रँडमायझेशन बंद करता आलं नाही’ अशी सूचना तिथे येते, ती निरुपद्रवी आहे.

नकार येत नाही, पण जीडीबी जोडताना नुसता थिजून बसतो, असंही होतं. जोडताना प्रत्येक थ्रेडला थांबवावं लागतं, आणि एखादा थ्रेड कर्नलमध्ये अखंड झोपेत, म्हणजे ‘डी’ अवस्थेत, असेल तर तो थांबत नाही. ‘पीएस’मध्ये थ्रेडवार ‘स्टॅट’ आणि ‘डब्ल्यूचॅन’ हे रकाने मागवा. तुटलेलं एनएफएस माउंट किंवा मरायला टेकलेलं एसडी कार्ड हे नेहमीचे गुन्हेगार. इथे जीडीबीकडे औषध नाही.

आणखी एक, साइटवरचं. जोडलं की पूर्ण प्रोसेस थांबते. सर्व्हिसला सिस्टमडीचा ‘वॉचडॉगसेक’ (ठरल्या वेळात ‘जिवंत आहे’ अशी खूण न आल्यास कारवाई करणारा पहारेकरी) लावलेला असेल, तर तुम्ही स्टॅक (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची साखळी) वाचत असतानाच सिस्टमडी ती प्रोसेस मारतो. हार्डवेअर वॉचडॉग असेल तर बोर्डच रीबूट होतो. वॉचडॉग आधी बंद करा. ते शक्य नसेल तर हाताने जोडण्याऐवजी ‘-बॅच’ आणि ‘-ईएक्स’ देऊन ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ एका दमात घ्या आणि बाहेर पडा. ‘जीकोर’ने चालत्या प्रोसेसची कोर फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) काढणं हाही मार्ग आहे, पण मेमरी मोठी असेल तर ते लिहून होईपर्यंत प्रोसेस थांबलेलीच असते.

थ्रेड दिसत नाहीत किंवा अर्धेच दिसतात

प्रोग्राम सुरू होताना किंवा जोडताना ‘लिबथ्रेड-डीबी सापडली नाही, थ्रेड डीबगिंग मिळणार नाही’ अशा अर्थाची सूचना येते, आणि ‘इन्फो थ्रेड्स’मध्ये थ्रेड नेहमीसारखे दिसत नाहीत. ही लायब्ररी जीलिबसीची, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची. पीथ्रेडची अंतर्गत रचना जीडीबीला ठाऊक नसते; ती वाचून देण्याचं काम ही करते. ती जीलिबसीच्या त्याच आवृत्तीची हवी. आजचे जीडीबी कर्नलकडूनही थ्रेडची यादी मिळवतात, म्हणून ती नसली तरी थ्रेड दिसतात, मात्र ‘थ्रेड’ शब्द आणि पत्ता जाऊन नुसता ‘एलडब्ल्यूपी’ उरतो. खरी अडचण थ्रेड-लोकल चलांची: ‘एररनो’ छापायला गेलात की जीडीबी नाही म्हणतो. जुन्या जीडीबी-सर्व्हरमध्ये (बोर्डावर चालणारा, पीसीवरच्या जीडीबीला जोडून देणारा छोटा प्रोग्राम) मात्र एकच थ्रेड दिसतो आणि प्रोग्राम एकथ्रेडी असल्याचा भास होतो.

पीसीवर कारणं दोनच. एक, जीलिबसी नेहमीच्या जागी नसून स्वतः बांधलेली आहे, आणि जीडीबी सुरक्षेपोटी अनोळखी फोल्डरमधून लायब्ररी उचलत नाही. ‘ऑटो-लोड सेफ-पाथ’ मुळे नाकारल्याचा संदेश येतो. ते फोल्डर ‘ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ’ ने यादीत घाला आणि ‘सेट लिबथ्रेड-डीबी-सर्च-पाथ’ने दाखवा. दोन, लिबपीथ्रेड पूर्ण स्ट्रिप झालेली आहे, म्हणजे तिच्यातले सिम्बॉल (फंक्शन आणि चलांची नावं व पत्ते) काढून टाकलेले आहेत. लिबथ्रेड-डीबी ज्या सिम्बॉलवरून आवृत्ती जुळवते, ते स्ट्रिप करताना उडतात. जीलिबसी २.३४ (२०२१) मध्ये लिबपीथ्रेड मुख्य लिबसीमध्येच विलीन झाली आणि हे सिम्बॉल स्ट्रिपमध्ये टिकतील असे ठेवले गेले, त्यामुळे नव्या प्रणालींवर हे दुखणं बरंच गेलं. बोर्डांवर जुनी जीलिबसी अजून भरपूर आहे, तिथे ते कायम आहे.

बोर्डावर डीबग करताना गोष्ट दोन मशीनमध्ये वाटली जाते, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. लिबथ्रेड-डीबी लागते ती बोर्डावर, जीडीबी-सर्व्हरशेजारी. पण सिम्बॉल शोधायचे असले की जीडीबी-सर्व्हर ते पीसीवरच्या जीडीबीला विचारतो, आणि जीडीबी ते स्वतःकडच्या ‘सिसरूट’मधून (बोर्डावरच्या लायब्ररींची पीसीवर ठेवलेली प्रत) शोधतो. म्हणून बोर्डावर सगळं नीट असूनही पीसीवर ‘सेट सिसरूट’ चुकीच्या एसडीकेकडे असेल तर थ्रेडची माहिती मिळत नाही. सिसरूटमध्ये बोर्डावर चढवलेल्या त्याच बिल्डच्या लायब्ररी हव्यात, आणि त्या स्ट्रिप न केलेल्या. बोर्डावर स्ट्रिप केलेली प्रत, पीसीवर न केलेली, ही जोडी चालते. दोन वेगवेगळ्या बिल्डची जोडी चालत नाही. ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ देऊन कुठली फाइल कुठून उचलली ते वाचा.

सिसरूट दिलाच नाही तर जीडीबी प्रत्येक लायब्ररी बोर्डाकडून ओढून आणतो. टेबलावर चालून जातं. बोर्ड नंदेसरीला, तुम्ही अलकापुरीत आणि मध्ये ४जी डाँगल असेल तर चहा पिऊन या. ‘रिमोट जी पॅकेट रिप्लाय टू लाँग’ आलं तर चिपचा प्रकार जुळत नाही: साधा जीडीबी उघडला आहे, ‘जीडीबी-मल्टिआर्क’ किंवा एसडीकेमधला उघडा. जीडीबी-सर्व्हरला पासवर्ड नसतो. त्या पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही बोर्डावर हवं ते चालवू शकतो. पोर्ट बाहेर उघडू नका. ‘टार्गेट रिमोट’ पुढे उभी रेघ देऊन एसएसएचची कमांड लिहिता येते, आणि जीडीबी-सर्व्हरला पोर्टच्या जागी नुसती आडवी रेघ द्यायची. सगळं एसएसएचमधूनच जातं.

‘नेक्स्ट’ दाबलं आणि भलत्याच थ्रेडमध्ये पोचलो

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि ती बग नाही. एक थ्रेड ब्रेकपॉइंटवर (‘इथे थांब’ अशी खूण केलेल्या ओळीवर) थांबला की जीडीबी सगळे थ्रेड थांबवतो. पण पुढे निघालात, मग ती एका ओळीची ‘नेक्स्ट’ का असेना, की सगळेच पुन्हा सुटतात. नवरात्रात गाणारा थांबला की गरब्याचा अख्खा गोल थांबतो आणि सुरू झाला की अख्खा फिरतो. एकालाच एक पाऊल टाकायला सांगता येत नाही, तसंच. तुमची ओळ पुरी होण्याआधी दुसरा थ्रेड एखाद्या ब्रेकपॉइंटवर आदळला तर जीडीबी ‘स्विचिंग टू थ्रेड’ अशी एक ओळ छापून तिकडे जातो. ती ओळ नजरेतून सुटली की पुढचा सगळा वेळ चुकीच्या स्टॅकमधली चलं वाचण्यात जातो.

उपाय: ‘सेट शेड्यूलर-लॉकिंग स्टेप’. ‘स्टेप’ आणि ‘नेक्स्ट’ करताना फक्त चालू थ्रेड हलतो. ‘कंटिन्यू’, ‘अंटिल’ आणि ‘फिनिश’ला सगळे सुटतात. ही ओळ जीडीबीच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये घालून ठेवली तर प्रोग्राम सुरू नसताना ‘टार्गेट कॅनॉट सपोर्ट’ म्हणून नाकारली जाऊ शकते. आधी ‘स्टार्ट’ द्या, मेनवर थांबलं की मग ही कमांड.

‘स्टेप’ऐवजी ‘ऑन’ केलंत तर ‘कंटिन्यू’लाही एकच थ्रेड हलतो. तो थ्रेड दुसऱ्याने धरलेल्या लॉकवर (सामायिक डेटा एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप, म्हणजेच म्यूटेक्स) पोचला की तिथेच अडकतो, कारण लॉक सोडणारा गोठलेला आहे. हा डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) तुम्ही तयार केलेला असतो. ‘स्टेप’ मोडमध्येही असं होतं: ‘नेक्स्ट’ने ओलांडलेल्या फंक्शनच्या पोटात लॉक किंवा कंडिशनची वाट असली की प्रॉम्प्ट परत येत नाही. कंट्रोल-सी, ‘सेट शेड्यूलर-लॉकिंग ऑफ’, मग पुढे.

‘प्रिंट’मधून प्रोग्रामचं फंक्शन बोलावतानाही हाच विचार करा. ‘प्रिंट रांग.आकार()’ हे निरागस दिसतं, पण लॉकिंग बंद असेल तर ते फंक्शन चालत असताना बाकीचे थ्रेडही धावतात आणि स्थिती बदलते. लॉकिंग चालू असेल आणि फंक्शन आतून मेमरी मागत असेल, तर हीपचं (मागून घेतलेल्या मेमरीच्या साठ्याचं) लॉक दुसऱ्याकडे असू शकतं. शक्यतो फंक्शन बोलावू नका, चलच छापा.

‘मीटर’ थ्रेड थांबला की समोरची उपकरणं टाइमआउट देतात, अशी परिस्थिती असेल तर नॉन-स्टॉप मोड आहे. ‘सेट पॅजिनेशन ऑफ’ द्या, आणि ‘सेट नॉन-स्टॉप ऑन’ हे प्रोग्राम सुरू करण्याआधीच द्यावं लागतं. चालू असताना बदलता येत नाही. मग ब्रेकपॉइंटवर आदळलेला थ्रेडच थांबतो आणि बाकीच्यांपुढे ‘रनिंग’ दिसतं. सगळ्यांना थांबवायचं तर ‘इंटरप्ट -ए’, सोडायचं तर ‘कंटिन्यू -ए’. ‘-ए’ विसरलात तर फक्त चालू थ्रेडवर असर. ऐकायला छान वाटतं, पण एकमेकांच्या डेटावर अवलंबून असलेल्या थ्रेडमध्ये हा मोड गोंधळ वाढवतो. बाहेरच्या जगाला उत्तर देणं भाग असेल तेव्हाच वापरा.

थ्रेड पूल (लागतील तसे थ्रेड कामाला लावणारा ताफा) असेल तर ‘न्यू थ्रेड’, ‘थ्रेड एक्झिटेड’च्या ओळींनी पडदा भरतो. ‘सेट प्रिंट थ्रेड-इव्हेंट्स ऑफ’.

ब्रेकपॉइंट आणि वॉचपॉइंट

एकाच थ्रेडसाठी ब्रेकपॉइंट हवा तर फाइल आणि ओळीपुढे ‘थ्रेड ३’ जोडा. तो थ्रेड संपला की असा ब्रेकपॉइंट आपोआप पुसला जातो. पूलमधले थ्रेड येत-जात असतील तर ‘ब्रेकपॉइंट गेला कुठे’ याचं उत्तर हे. अट घातलेला ब्रेकपॉइंट प्रत्येक वेळी खरोखर थांबतो, जीडीबी अट तपासतो, खोटी असली की पुढे सोडतो. सेकंदाला हजारो वेळा येणाऱ्या ओळीवर तो ठेवला की प्रोग्राम रांगू लागतो आणि थ्रेडचा आपसातला वेळ पार बदलतो. त्यापेक्षा अट प्रोग्राममध्येच ‘इफ’ लिहून घाला, आत एक साधी ओळ टाका आणि तिच्यावर ब्रेकपॉइंट ठेवा. घरगुती उपाय आहे, पण वेगात त्याला तोड नाही. जीडीबी-सर्व्हर अट स्वतः बोर्डावर तपासू शकतो, त्यामुळे तिथे फरक थोडा कमी जाणवतो.

‘या चलाची किंमत कोणता थ्रेड बदलतोय’ याला वॉचपॉइंट. लावल्यावर जीडीबी काय छापतो ते नीट वाचा. ‘हार्डवेअर वॉचपॉइंट’ असेल तर तो सगळ्या थ्रेडमधले बदल पकडतो. नुसतं ‘वॉचपॉइंट’ असेल तर तो सॉफ्टवेअरचा: जीडीबी एकेक सूचना चालवून किंमत ताडून बघतो, कमालीचा हळू, आणि चालू थ्रेडने केलेला बदलच त्याला भरवशाने कळतो. म्हणजे ज्या कामासाठी लावला त्याच कामाला निरुपयोगी. एक्स८६ वर यासाठी फक्त ४ रजिस्टर असतात, प्रत्येक जास्तीत जास्त ८ बाइटचं. आर्मवर संख्या चिपप्रमाणे बदलते. आख्खं स्ट्रक्चर धरू नका, त्यातलं संशयित फील्ड धरा. ‘वॉच -एल’ दिलंत तर पत्ता धरला जातो आणि फंक्शनमधून बाहेर पडलं तरी वॉचपॉइंट टिकतो. ‘वॉच’ किंमत बदलली तरच थांबतो; तीच किंमत पुन्हा लिहिली गेली तर गप्प राहतो.

सिग्नल, आणि अचानक परत येणारे सिस्टम कॉल

प्रोग्राम सिगयूएसआर१ किंवा सिगपाइप वापरत असेल तर जीडीबी प्रत्येक वेळी थांबेल. ‘हँडल सिगयूएसआर१ नोस्टॉप नोप्रिंट पास’ (सिग्नलचं नाव मोठ्या अक्षरांत). यातला ‘पास’ विसरू नका, नाहीतर सिग्नल प्रोग्रामपर्यंत पोचणारच नाही.

सिग्नलसाठी वेगळा थ्रेड ठेवून त्यात ‘सिगवेट’ करणाऱ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-सी दाबूनही जीडीबी थांबत नाही असं होतं. तो सिग्नल प्रोग्रामच गिळतो. दुसऱ्या टर्मिनलवरून ‘किल -ट्रॅप’ आणि प्रोसेसचा क्रमांक द्या (ट्रॅप मोठ्या अक्षरांत).

जीडीबीने थ्रेड थांबवून पुन्हा सोडले की काही अडलेले कॉल अर्धवट परततात, ‘ईइंटर’ एरर घेऊन. लिनक्सवर ‘ईपोल-वेट’ आणि रिसीव्ह टाइमआउट लावलेलं सॉकेट ही त्यातली नेहमीची नावं. ‘पाठव’ थ्रेडने ‘ईइंटर’ला जोडणी तुटली असं समजून सॉकेट बंद केलं, तर प्रत्येक ब्रेकपॉइंटनंतर सर्व्हरशी नातं तुटेल. तक्रार डीबगरमुळे उघडी पडली, पण दोष कोडचा आहे: ‘ईइंटर’ आला की तोच कॉल पुन्हा करायचा असतो.

प्रोग्राम लटकला आहे

आधी ‘टॉप -एच’. एखादा थ्रेड सीपीयू १०० टक्के खात असेल तर तो डेडलॉक नव्हे, फिरत राहिलेला लूप आहे. त्या थ्रेडचा स्टॅक काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीनदा घेऊन ताडून बघा. सगळे शांत असतील तर जोडा, ‘सेट पॅजिनेशन ऑफ’, आउटपुट फाइलमध्ये जावं म्हणून ‘सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन’ (जीडीबी १२ पूर्वी नुसतं ‘सेट लॉगिंग ऑन’), आणि मग ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’. लॉगरचं चित्र समजा असं आलं:

थ्रेड १, एलडब्ल्यूपी ४१२१, मुख्य: पीथ्रेड जॉइन
थ्रेड २, एलडब्ल्यूपी ४१२४, मीटर: पोल
थ्रेड ३, एलडब्ल्यूपी ४१२५, नोंद: लॉक-वेट, त्याखाली म्यूटेक्स-लॉक
थ्रेड ४, एलडब्ल्यूपी ४१२६, पाठव: लॉक-वेट, त्याखाली म्यूटेक्स-लॉक

पोल, कंडिशन-वेट, स्लीप, जॉइन यांत बसलेले थ्रेड साधारणपणे कामाची वाट बघत असतात, त्यांना सोडा. म्यूटेक्स-लॉकखाली अडकलेले पकडा. इथे दोन आहेत. ‘थ्रेड ३’ देऊन ‘अप’ करत आपल्या कोडच्या फ्रेमपर्यंत या; तो ‘रांग’चं लॉक मागतोय असं दिसतं. आता त्या लॉकचा मालक छापा: म्यूटेक्सचं नाव, टिंब, दोन अंडरस्कोर आणि ‘डेटा’, टिंब, दोन अंडरस्कोर आणि ‘ओनर’. सी++ चा एसटीडी म्यूटेक्स असेल तर मध्ये त्याचा ‘_एम_म्यूटेक्स’ (एम मोठा) हा सदस्य येतो. उत्तर येतं ४१२६, म्हणजे पाठव. ‘थ्रेड ४’ वर जा, तो ‘फाइल’चं लॉक मागतोय, त्याचा मालक ४१२५, म्हणजे नोंद. वर्तुळ पुरं झालं. दोघांनी लॉक एकाच क्रमाने घ्यावेत, किंवा सी++१७ चं ‘स्कोप्ड-लॉक’ वापरून दोन्ही एकदम घ्यावेत.

मालक दरवेळी इतका सरळ मिळत नाही. मालकाचा क्रमांक यादीतच नसेल तर तो थ्रेड लॉक धरून संपला आहे. मधूनच ‘रिटर्न’ करणारी एखादी वाट शोधा. मालक ० असून थ्रेड अडकलेला असेल तर म्यूटेक्सची मेमरी बिघडल्याचा किंवा तो आधीच नष्ट केल्याचा संशय घ्या. रीड-राइट लॉकमध्ये फक्त लिहिणाऱ्याची नोंद असते (‘कर-रायटर’). वाचणारे कोण, हे त्यात नाही, ते स्टॅकवरूनच हुडकावं लागतं. कंटेनरमधली प्रोसेस बाहेरून जोडली असेल तर मालकाचा क्रमांक कंटेनरच्या आतला आणि जीडीबी दाखवतो तो बाहेरचा. थ्रेडच्या ‘स्टेटस’ फाइलमधल्या ‘एनएसपीआयडी’ ओळीत दोन्ही शेजारी शेजारी मिळतात.

जीडीबी लावला की बगच गायब

एक कारण सोपं आहे आणि तेच आधी तपासावं. जीडीबी प्रोग्राम सुरू करताना पत्त्यांची सरमिसळ बंद करतो. चुकीच्या पॉइंटरचे बग त्यामुळे लपतात. ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ देऊन पुन्हा चालवा.

तरी येत नसेल तर वेळेचा खेळ आहे, आणि मग जीडीबीखाली चालवण्याचा हट्ट सोडावा. प्रोग्राम मोकळा चालू द्या, पडला की कोर घ्या. शेलमध्ये ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’, सिस्टमडी सर्व्हिसमध्ये ‘लिमिटकोर’ इन्फिनिटी. कोर कुठे जाते ते कर्नलच्या ‘कोर-पॅटर्न’ फाइलमध्ये लिहिलेलं असतं; तिथली ओळ उभ्या रेघेने सुरू होत असेल तर कोर दुसऱ्या प्रोग्रामकडे जाते, उबुंटूवर बहुधा ॲपोर्टकडे. सिस्टमडी-कोरडंप असेल तर ‘कोरडंपकंट्रोल जीडीबी’ सरळ उघडून देतं. कोर उघडल्यावर थ्रेड १ हा साधारणपणे पडलेला थ्रेड असतो, ‘मुख्य’ नव्हे.

डेटा रेसचा (दोन थ्रेड लॉक न घेता एकाच डेटाला हात घालतात त्याचा) संशय असेल तर डीबगर हे हत्यारच नाही. ‘-एफसॅनिटाइझ=थ्रेड’ ने बांधून चालवा: प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो, मेमरी ५ ते १० पट लागते, आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा त्याचा भाऊ) त्याच बिल्डमध्ये चालत नाही. छोट्या बोर्डावर हे झेपत नाही, म्हणून पीसीवरची बिल्ड जिवंत ठेवणं इथे कामी येतं. मीटरच्या जागी खोटे आकडे देणारा थ्रेड लावला तरी रेस सापडते. काही नव्या कर्नलवर हा सॅनिटायझर सुरू होतानाच ‘अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग’ म्हणून मरतो, ‘व्हीएम.एममॅप-आरएनडी-बिट्स’ (नावात आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर) ३२ वरून २८ वर आणा.

पीसी इंटेल किंवा एएमडीचा असेल तर ‘आरआर’ही बघा. तो एकदा झालेली धाव जशीच्या तशी नोंदवतो, आणि ती मागेपुढे हवी तितक्यांदा चालवता येते. सगळे थ्रेड तो एकाच कोअरवर आळीपाळीने चालवतो, म्हणून काही बग सहजी येत नाहीत. ‘-केऑस’ (सुरुवातीला दोन आडव्या रेघा) दिलं की तो पाळ्या मुद्दाम वेड्यावाकड्या लावतो. त्याला सीपीयूचे परफॉर्मन्स काउंटर लागतात, जे बऱ्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये मिळत नाहीत, आणि ‘पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड’ १ किंवा कमी असावं लागतं.

व्हीएस कोडमधून काम करणाऱ्यांनी हे सगळं सोडून द्यायची गरज नाही. डीबग कन्सोलमध्ये कमांडच्या आधी ‘-एक्झेक’ लिहिलं की ती थेट जीडीबीकडे जाते: ‘-एक्झेक सेट शेड्यूलर-लॉकिंग स्टेप’, ‘-एक्झेक थ्रेड अप्लाय ऑल बीटी’. फक्त नॉन-स्टॉप तिथून लावू नका. कन्सोल मिळेपर्यंत प्रोग्राम सुरू झालेला असतो.